ल्यों शहरांतील चार दिवस

फ्रान्स म्हटलें म्हणजे आपल्याकडील बहुतेक मंडळींच्या डोळ्यांपुढें पॅरिस उभें राहतें, आणि पॅरिस पाहून झालें कीं फ्रान्स पाहिला असें समजून प्रवासी पुढच्या देशाची वाट धरतात. आमचाहि बेत प्रथम तसाच होता. परंतु आमच्या वडील बंधूंचे चिरंजीव गेलीं दोन वर्षें नोकरीनिमित्त ल्यों येथें राहत आहेत, आणि त्यांचा आग्रह असा पडला कीं, पॅरिसला दोन दिवस कमी दिले तरी चालतील, पण ल्योंस चार दिवस द्यावेच. म्हणून वैशाखांत आम्ही उभयतां व आमच्या वहिनी अशीं तिघें त्यांच्याकडे जाऊन आलों. त्या चार दिवसांची हकीकत वाचकांस सांगावी, अशा हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आरंभींच एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढें तिचा संबंध येणार आहे. चिरंजीवांचें लग्न येत्या मार्गशीर्षांत ठरलें आहे. आमच्या कै. मातोश्रींची लग्नांतली पैठणी रिवाजाप्रमाणें वडील सुनेकडे, म्हणजे वहिनींकडे, आलेली. तिचें अंग घड्यांवर जागोजाग उकललें आहे. पदर मात्र अजून शाबूत आहे. दादांचें म्हणणें असें कीं, फाटकें वस्त्र कपाटांत ठेवून काय करावयाचें? जर खरी आहे, ती मोडींत घालावी, आणि त्या पैशांत थोडी भर टाकून सुनेसाठीं यंत्रमागावरच्या दोन नव्या घ्याव्या. दिसावयास त्या तशाच दिसतात आणि किंमतहि बेताची. वहिनी यावर कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं ती पैठणी मलमलींत गुंडाळून प्रवासाच्या पेटींत तळाशीं ठेवली. "ल्यों रेशमाचें शहर आहे म्हणतात. तेथें कोणी जाणतें माणूस भेटलें तर दाखवूं, मग काय तें ठरवूं," एवढेंच त्या म्हणाल्या.

पॅरिसहून वेगवान आगगाडीनें सुमारें दोन तासांत ल्यों येतें. इंग्रजी पुस्तकांत या शहराचें नांव 'लायन्स' असें आढळतें, पण तिकडे तसा उच्चार केला तर कोणास कळत नाहीं. नाकांतून 'ल्यों' असेंच म्हणावें लागतें. शहराची ठेवण समजण्यास प्रथम त्याच्या दोन प्रवाहांची ओळख करून घेतली पाहिजे. ऱ्होन हा स्वित्झर्लंडांतील हिमनदीपासून निघून जिनीव्हाच्या सरोवरांतून बाहेर पडतो आणि डोंगरी पाण्याचा जोर घेऊन पूर्वेकडून येतो. सोन उत्तरेकडून व्होज पर्वताच्या बाजूनें संथपणें येते. फ्रेंच भाषेंत ऱ्होन पुल्लिंगी आणि सोन स्त्रीलिंगी आहे. अठराव्या शतकांत कुस्तू बंधूंनीं या दोघांच्या ब्राँझच्या मूर्ती घडविल्या, त्यांतहि ऱ्होन पुरुष व सोन स्त्री अशीच योजना आहे. आपल्याकडे ब्रह्मपुत्र व शोण यांस नदी न म्हणतां नद म्हणतात, त्याची येथें आठवण झाली. गंमत अशी कीं, आपल्या शोणासहि लोक बोलण्यांत सोनच म्हणतात. पण इकडचा सोन नद आणि तिकडची सोन नदी!

आपल्या माणसांस संगम म्हटला कीं पाण्याला हात लावल्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. मग तो माहुलीचा असो कीं कऱ्हाडचा. म्हणून पहिल्याच सायंकाळीं शहराच्या दक्षिण टोकास गेलों. दोन्ही प्रवाहांमधील जमिनीची चिंचोळी पट्टी येथें संपते, आणि अगदीं टोकाशीं उतरत जाऊन पाण्यास हात लावतां येतो. एका बाजूस ऱ्होनचें हिरवट, थंडगार, धांवतें पाणी आणि दुसऱ्या बाजूस सोनेचें मातकट, सावकाश पाणी; दोन्ही कांहीं अंतर एकमेकांस न मिसळतां शेजारीं शेजारीं चालतात. हा संगम मूळच्या जागीं नाहीं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पेराश नांवाच्या स्थापत्यकारानें दलदलीचीं बेटें भरून काढून तो दक्षिणेकडे सरकविण्याची योजना केली. त्याच्या नांवाचें रेल्वेस्टेशन आज त्याच जमिनीवर उभें आहे. टोकाजवळ कांच व धातू यांचें एक भव्य वस्तुसंग्रहालय २०१४ सालीं उघडलें आहे. वहिनींनीं मात्र इमारतीकडे फारसें पाहिलें नाहीं. त्यांनीं दोन्ही पाण्यांत बोटें बुडवून डोळ्यांस लावलीं आणि त्या म्हणाल्या, "आपलें पाणी नाहीं, पण पाणी तें पाणीच."

शहरास दोन टेकड्या आहेत. सोनेच्या पश्चिमेस फूर्व्हिएर, आणि उत्तरेस दोन्ही प्रवाहांच्या बेचक्यांत क्र्वा-रूस. पहिलीस 'प्रार्थना करणारी टेकडी' व दुसरीस 'काम करणारी टेकडी' म्हणतात. हें नामकरण एकोणिसाव्या शतकांतील इतिहासकार मिशले याचें, असें सांगतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही प्रार्थनेच्या टेकडीवर गेलों. वर जाण्यास दोरानें ओढली जाणारी गाडी आहे. गांवकरी तिला लाडानें 'सुतळी' म्हणतात.

ल्योंचा जन्म याच टेकडीवर झाला. इ. स. पूर्वीं ४३ या वर्षीं मुनातिउस प्लांकुस या रोमन सेनानीनें येथें लुग्दुनुम नांवाची वसाहत स्थापिली, आणि थोड्याच काळांत ती गॉल प्रांतांचें मुख्य ठिकाण झाली. सम्राट क्लाउदिउस याचा जन्म इ. स. पूर्वीं १० या वर्षीं याच गांवीं झाला. उतारावर दगडी पायऱ्यांचें अर्धवर्तुळाकार रोमन नाट्यगृह आहे. तें शतकानुशतकें मातीखालीं होतें, १९३३ पासून पद्धतशीर खणून बाहेर काढलें. त्याच्याच शेजारीं टेकडीच्या पोटांत बांधलेलें वस्तुसंग्रहालय आहे. तेथील एका ब्राँझच्या पत्र्यापुढें आम्ही पुष्कळ वेळ उभे राहिलों. हा पत्रा १५२८ सालीं क्र्वा-रूसच्या टेकडीवर सांपडला. गॉल लोकांतील प्रमुखांस रोमच्या सभागृहांत बसण्याचा अधिकार द्यावा, म्हणून क्लाउदिउसनें इ. स. ४८ मध्यें केलेलें भाषण त्यावर कोरलें आहे. परके म्हणून ज्यांस दूर ठेवावें, तेच पुढें राज्याचा आधार होतात, अशा आशयाचा त्याचा युक्तिवाद होता. दोन हजार वर्षें झालीं, तरी वाद कांहीं जुना झालेला नाहीं.

टेकडीच्या माथ्यावर शुभ्र देवालय आहे. १८७० च्या युद्धांत शत्रु शहरापर्यंत येऊं नये म्हणून नागरिकांनीं मेरीमातेस नवस केला होता, तो फेडण्यासाठीं १८७२ मध्यें याचा पाया घातला. याच ठिकाणाशीं निगडित असलेला एक उत्सव ऐकून वहिनींस फार आनंद झाला. १८५२ सालीं ८ डिसेंबर रोजीं येथें मेरीची मूर्ति बसवावयाची होती. ऐन वेळीं वादळ आलें आणि आतषबाजी रद्द होणार असें दिसलें. पण सायंकाळीं आभाळ निवळलें, तेव्हां लोकांनीं आपण होऊन घरोघर खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हांपासून दरवर्षीं त्या रात्रीं सारें शहर दिव्यांनीं उजळतें. आतां विजेच्या मोठ्या रोषणाईसाठीं लाखों प्रवासी येतात, पण जुनीं घरें अजून खिडकींत रंगीत कांचेच्या पेल्यांत बारीक मेणबत्त्या ठेवतात. "म्हणजे पणत्याच कीं!" वहिनी म्हणाल्या.

टेकडीच्या पायथ्याशीं सोनेच्या कांठीं जुनें ल्यों आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील हीं घरें. इटलींतून आलेले सावकार व व्यापारी येथें राहत. १५३६ सालीं राजा पहिला फ्रान्स्वा यानें एत्यॅन तुर्के या व्यापाऱ्यास रेशमी कापड विणण्याची सवलत दिली, आणि शहराच्या रेशीमधंद्याचा पाया पडला. येथील घरांचें वैशिष्ट्य म्हणजे 'त्राबूल'. रस्त्यावरील एखादें साधें दार ढकलावें, तों आंत अंधारा बोळ, बोळापुढें चौक, चौकांत वर्तुळाकार जिना, पलीकडे दुसरा बोळ, आणि त्यांतून निघावें तों आपण भलत्याच रस्त्यावर! पुण्याच्या जुन्या वाड्यांतून ज्यांनीं एका आळींतून दुसऱ्या आळींत लहानपणीं धूम ठोकली आहे, त्यांस याची कल्पना सहज येईल. सर्वांत लांब त्राबूल सें-झाँ रस्त्यावरील ५४ क्रमांकाच्या घरांतून शिरून पलीकडील रस्त्यास निघतो. या बोळांतून अजून लोक राहतात, म्हणून सकाळच्या वेळीं व हळू आवाजांत जावें, असा शिष्टाचार आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं शहर व्यापलें, तेव्हां गुप्तपणें लढणाऱ्या देशभक्तांस या वाटांचा फार उपयोग झाला.

आमचा एक बोळ मात्र फसला. चिरंजीव फोनवर बोलत मागें राहिले, आणि आम्ही तिघें एका चौकांत शिरलों तों मागील दार आपोआप बंद झालें. पुढचेंहि बंद! वर पाहिलें तों चार मजल्यांच्या खिडक्या, आणि कोणाचा शब्द नाहीं. पांच-सात मिनिटें गेल्यावर एक वृद्ध बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या, वहिनींच्या नऊवारीकडे कौतुकानें पाहिलें, भिंतीवरची एक लहानशी कळ दाबली, आणि दार उघडलें. ती कळ आमच्या डोळ्यांसमोरच होती. वाचकांपैकीं कोणी तिकडे गेल्यास दार ढकलण्यापूर्वीं ती कळ शोधावी.

जेवणाची हकीकतहि थोडक्यांत सांगतों. ल्यों हें फ्रान्समधील खवय्यांचें शहर. 'बूशों' नांवाच्या तेथील खास खानावळींत लोक दुरून येतात. पण ताटांत बहुतेक सर्व मांसाचेच प्रकार. चिरंजीवांनीं पदार्थांची यादी वाचतां वाचतां 'विणकराचा मेंदू' असें एका पदार्थाचें नांव सांगितलें, तेव्हां वहिनींनीं हातांतला चमचा खालीं ठेवला. चिरंजीव हंसून म्हणाले, "आई, हा एवढाच तुझ्यासाठीं आहे." समोर आला तो चक्का! ताज्या दह्यासारख्या पांढऱ्या चीझमध्यें लसूण, बारीक चिरलेली हिरवी पात, मीठ, मिरीं व थोडा व्हिनेगर घालून घोटलेला. मांसाची ऐपत नसलेल्या रेशीमविणकरांचें हें खाणें, आणि त्यांस नांव हें असें चेष्टेचें. आम्हीं तो पावाबरोबर आवडीनें खाल्ला. पण त्या नांवांत कोणाची तरी थट्टा आहे, हें मनांतून जाईना. आणि ज्यांची थट्टा, ते विणकर कोण, हें पाहण्याची उत्सुकता वाढली.

तिसरा दिवस काम करणाऱ्या टेकडीचा. दांत्यांच्या रुळावरून चढणाऱ्या भुयारी गाडीनें आम्ही क्र्वा-रूसवर गेलों. येथील घरें दिसावयास अगदीं साधीं. कोरीव काम नाहीं, सज्जे नाहींत. फक्त उंचच उंच खिडक्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं नवे माग इतके उंच झाले कीं जुन्या ल्योंतील खोल्यांत ते मावेनात. तेव्हां राज्यक्रांतींत जप्त झालेल्या मठांच्या जमिनींवर, या टेकडीच्या उतारावर, सुमारें चार मीटर उंच छताचीं घरें खास मागांसाठीं उठलीं. खोलींतील उत्तम उजेडाची जागा मागाची. माणसांनीं निजावयाचें तें छताखालीं टांगलेल्या माळ्यावर. नवरा विणी, बायको कांड्या भरी, मुलें धागे जोडीत, आणि पंधरा-सोळा तास मागाचा खडखडाट चाले. त्या आवाजावरून मागास तेथें 'बिस्तांक्लाक' असें नांवच पडलें होतें. या विणकरांस म्हणतात 'कान्यू'.

'कान्यूंचें घर' म्हणून येथें एक लहानसें प्रदर्शन आहे. तेथें जुने माग अजून चालवून दाखवितात. माहिती देणाऱ्या बाई स्वतः विणकाम जाणणाऱ्या होत्या. चिरंजीव दुभाष्याचें काम करीत होते. बाईंनीं प्रथम जुन्या पद्धतीचा माग समजावून दिला. नक्षीच्या प्रत्येक आडव्या धाग्यासाठीं कोणते उभे धागे वर उचलावयाचे, हें दोऱ्या ओढून ठरवावें लागे. आणि त्या दोऱ्या ओढण्यास मागाच्या बाजूस एक मदतनीस, बहुधा लहान मुलगी किंवा मुलगा, दिवसभर उभा असे. ल्यों येथेंच १७५२ सालीं जन्मलेल्या झोझेफ-मारी जाकार यानें हें काम यंत्राकडे दिलें. आपल्या इकडील विणकर ज्यास 'जॅकार्ड' म्हणतात तो हाच. पुठ्ठ्यास भोंकें पाडावयाचीं. जेथें भोंक तेथें सुई पार जाते व धागा उचलला जातो, जेथें भोंक नाहीं तेथें धागा खालींच राहतो. एका पुठ्ठ्यास एक आडवा धागा, आणि अशा शेंकडों पुठ्ठ्यांची माळ म्हणजे एक नक्षी. बूशों, फाल्कों व व्होकांसों या तिघांनीं आधीं असे प्रयत्न केले होते. जाकारनें १८०४ च्या सुमारास ते एकत्र जुळवून माग चालता केला. त्याच्या मृत्यूनंतर १८३९ मध्यें त्याचेंच चित्र रेशमांत विणलें गेलें, त्यास सुमारें २४,००० पुठ्ठे लागले. इंग्लंडांतील गणिती बॅबेज यानें त्याची एक प्रत मिळविली होती, आणि आपल्या गणनयंत्रास भोंकांच्या पुठ्ठ्यांनीं आज्ञा देण्याची कल्पना त्यानें याच मागावरून उचलली.

चिरंजीवांचा धंदा संगणकाचा. "म्हणजे तुझ्या धंद्याचा मूळपुरुष हा!" आम्ही म्हणालों. ते हंसले. पण बाई गंभीरपणें म्हणाल्या कीं, त्या पुठ्ठ्यांनीं मुलांची दोऱ्या ओढण्यांतून सुटका केली, पण मागावर बसणाऱ्याची मजुरी कांहीं वाढली नाहीं.

येथें वहिनींनीं पिशवींतून मलमलीचें गाठोडें काढलें. बाईंनीं हात धुतले, मेज पुसलें, आणि पदर पसरला. कांठावर नारळी, मध्यें मोर आणि वेलबुट्टी. एक शब्द न बोलतां त्यांनीं पदर उलटा केला. पुन्हां सुलटा केला, पुन्हां उलटा. मग चिरंजीवांस विचारलें, "याची मागची बाजू कोठें आहे?" वहिनींस भाषा कळली नाहीं, पण प्रश्न कळला. त्या मराठींतच म्हणाल्या, "हीच मागची, आणि हीच पुढची." यंत्रानें काढलेल्या नक्षींत मागल्या अंगास धागे मोकळे लोंबत राहतात. जुन्या हातच्या पैठणीचा पदर मात्र लहान लहान कांड्यांनीं, प्रत्येक रंग जेथल्या तेथें वळवून, धाग्यास धागा गुंतवून विणलेला असतो. म्हणून दोन्ही अंगें सारखीं. पुठ्ठे किती लागले, असें बाईंनीं विचारलें. एकहि नाहीं, असें आम्हीं सांगितलें. तेव्हां त्यांनीं भिंतीवरील मखमलीच्या तुकड्याकडे बोट दाखविलें: असलें उंची काम हातानें केलें तर येथेंहि दिवसाकाठीं कांहीं सेंटीमीटरच होतें, आणि तें करणारे आतां बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

उपाय त्यांनीं सांगितला तो असा. रेशीम जुनें झालें कीं एकाच घडीवर तुटतें, म्हणून घडी न घालतां गुंडाळून ठेवावें. उजेड लागूं देऊं नये. अंग गेलें असलें तरी पदर मऊ सुती कापडावर बारीक टांक्यांनीं आधार देऊन बसवितां येईल, आणि तसा तो पुष्कळ वर्षें टिकेल. वहिनी म्हणाल्या, "आमच्या सासूबाई दर दिवाळीला घडी बदलीत. मीच अलीकडे विसरलें." मग बाईंनीं आणखी एक प्रश्न विचारला, अगदीं सहज: "ही विणली कोणीं?"

आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. पैठणी येवल्याची, कोणत्या पेढीवरून आणली, आजोबांनीं किती रुपये मोजले, तें सारें आमच्या घरांत तोंडपाठ आहे. आईच्या लग्नाच्या याद्या अजून जपून ठेवल्या आहेत. पण विणणाऱ्याचें नांव कोणीं विचारलें नव्हतें, आणि आतां सांगणारेंहि कोणी उरलेलें नाहीं. आमची अडचण ओळखून बाई म्हणाल्या, "आमच्याकडेहि तेंच. राजवाड्यांतील रेशमावर व्यापाऱ्याचें नांव सांपडतें, विणकराचें क्वचित्."

त्यानंतर आम्ही टेकडीच्या उतारावरील 'कूर दे व्होरास' पाहिला. हा एक उंच चौक असून त्यांत सहा मजले चढत जाणारा, उघडा दगडी जिना आहे. जिन्याखालून वाट थेट खालच्या रस्त्यास निघते. पाऊस न लागतां रेशमाचीं ओझीं नेण्यास ही सोयीची वाट; पण तिला दुसराहि इतिहास आहे. १८३१ च्या सुमारास ल्योंमध्यें घरचे माग असलेले सुमारें ८,००० उस्ताद विणकर व त्यांच्या हाताखालीं सुमारें ३०,००० कारागीर होते. सूत व नक्षी व्यापारी देत, आणि मजुरीहि तेच ठरवीत. मजुरी उतरत चालली, तेव्हां विणकरांनीं एवढेंच मागितलें कीं, अमुक कामास अमुकाहून कमी देऊं नये, असा दर लिहून ठरवावा. ऑक्टोबरांत सरकारी अधिकाऱ्यासमक्ष दोन्ही पक्षांनीं असा दर मान्यहि केला. पण शंभरांवर व्यापाऱ्यांनीं तो पाळण्याचें नाकारलें, आणि पॅरिसच्या सरकारनें त्यांची बाजू घेतली. २१ नोव्हेंबर रोजीं विणकर काळें निशाण घेऊन या टेकडीवरून खालीं उतरले. काम करून जगूं, नाहीं तर लढून मरूं, अशा अर्थाचे शब्द त्या निशाणावर होते. दोन दिवसांच्या लढाईनंतर शहर त्यांच्या हातीं आलें. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, शहर हातीं आल्यावर त्यांनीं लुटालूट होऊं दिली नाहीं. खजिन्यावर स्वतःच पहारा ठेवला. पुढें डिसेंबरांत मोठें सैन्य आलें, दर रद्द झाला, आणि विणकर पुन्हां मागावर बसले. १८३४ च्या एप्रिलांत दुसरा उठाव झाला, तो तोफांनीं मोडला. शेंकडों माणसें मेलीं.

तरी सारें व्यर्थ गेलें असें म्हणवत नाहीं. मालक व कारागीर यांचे तंटे तोडणारें पंचायतीसारखें मंडळ फ्रान्समध्यें प्रथम याच शहरांत १८०६ मध्यें स्थापन झालें होतें. विणकरांनीं आजारपणांत एकमेकांस मदत करणाऱ्या मंडळ्या काढल्या, आणि १८३५ सालीं याच उतारावर ग्राहकांचें सहकारी दुकान उघडलें गेलें. आज फ्रान्समध्यें कमींत कमी मजुरी कायद्यानें ठरलेली आहे. ज्या मागणीसाठीं १८३१ मध्यें माणसें मेलीं, ती आतां कोणास वेडेपणाची वाटत नाहीं. माग मात्र गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशमी किड्यांवर रोग पडला, पुढें यंत्रमाग व कृत्रिम रेशीम आलें, आणि टेकडीवरील खडखडाट हळूहळू थांबला. त्या उंच खोल्यांत आतां चित्रकार व नोकरदार राहतात, आणि उंच छत म्हणून भाडें जास्त देतात. एका मोठ्या भिंतीवर १९८७ मध्यें टेकडीचें जीवन रंगविलें आहे. सुमारें १,२०० चौरस मीटरांचें हें चित्र इतकें हुबेहुब कीं, आमच्या सौभाग्यवती त्यांतील पायऱ्या चढावयास निघाल्या होत्या! शहर बदलतें तसें चित्रहि दोनदां नव्यानें रंगविलें गेलें. आपल्या राबणाऱ्या माणसांस शहरानें विसरूं नये, याची ही एक तऱ्हा.

चौथ्या दिवशीं ल्युमिएर बंधूंच्या घरीं गेलों. 'ल्युमिएर' या शब्दाचा अर्थच प्रकाश. या बंधूंनीं १८९५ च्या मार्च महिन्यांत आपल्या कारखान्याच्या फाटकासमोर यंत्र उभें करून सुटीच्या वेळीं बाहेर पडणारे कामगार टिपले. बहुतेक स्त्रियाच, लांब झगे, डोक्यास टोप्या, आणि घरीं जाण्याची घाई. पाऊण मिनिटांचें हें चित्र. त्या रस्त्याचें नांव आतां 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असें आहे, आणि ती कारखान्याची शेड जपून ठेविली आहे. १८९६ सालीं ७ जुलै रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएरांच्या माणसानें खेळ केला, त्यांतहि हें कारखान्याचें चित्र होतें. मुंबईतील त्या खेळांनीं सावेदादा भाटवडेकरांस परदेशाहून यंत्र मागविण्याची स्फूर्ति दिली, आणि १९१३ मध्यें दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे आपल्या देशानें पाहिलेल्या अगदीं पहिल्या चालत्या चित्रांतहि ल्योंच्या कामकरी स्त्रिया होत्या. त्यांचीं नांवेंहि कोणास ठाऊक नाहींत. चेहरे मात्र राहिले.

त्या सायंकाळीं सोनेच्या कांठीं बसलों होतों. पलीकडे फूर्व्हिएरचें देवालय उजळलें होतें, आणि पाण्यांत त्याचें प्रतिबिंब हालत होतें. वहिनींनीं दादांस फोन लावला. पैठणी मोडींत द्यावयाची नाहीं. तिचा पदर आधार देऊन बसवावयाचा आणि सून घरांत येतांना तिच्या अंगावर घालावयाचा, असें त्यांनीं सांगितलें. नवी एकच घ्यावयाची, पण येवल्यास स्वतः जाऊन, हातमागावरची. दादांनीं खर्चाचा आंकडा विचारला. तो ऐकून बराच वेळ पलीकडून शब्द आला नाहीं. मग म्हणाले, "जेवणाच्या पंगतींत दोन पक्वान्नें कमी करूं." एकत्र कुटुंबांत एवढा ठराव होण्यास एरवीं आठ दिवस लागतात!

परत आल्यावर श्रावणांत वहिनी व आमच्या सौभाग्यवती येवल्यास जाऊन आल्या. माग पाहिला, रंग ठरविले, इसार दिला. काम कार्तिकांत पुरें होईल. घरच्या लग्नाच्या वहींत सराफ, वाजंत्री, आचारी यांच्या याद्या असतात, तेथें वहिनींनीं स्वतःच्या अक्षरानें एक ओळ लिहिली आहे: पैठणी विणणार, आणि त्यापुढें त्या कारागिराचें नांव. त्याच्या खालीं एक ओळ मोकळी सोडली आहे. तें कोणासाठीं, असें आम्हीं विचारलें. "सासूबाईंची ज्यानें विणली, त्याच्यासाठीं," त्या म्हणाल्या.